स्लायडिंग खिडकी गळते तेव्हा: जुन्या कॅम्पर व्हॅनमधल्या पाण्याची वाट

स्लायडिंग खिडकीत पाणी शिरतंच. काच सरकायची तर काच आणि चौकट यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते, आणि जागा असली की पावसाचं पाणी तिथे जातं. म्हणून ही खिडकी बनवणाऱ्याने पाणी पूर्ण अडवायचा प्रयत्नच केलेला नसतो. खालच्या खाचेत पाणी साठू द्यायचं आणि तिथल्या बारीक भोकांतून ते पुन्हा बाहेर सोडायचं, अशी ती रचना असते. कौलारू छपरासारखंच हे आहे: कौलांच्या सांध्यात कुणी काही भरत नाही, तरी घर कोरडं राहतं, कारण प्रत्येक थेंबाला उतरायला वाट दिलेली असते.

हे एकदा लक्षात आलं की गळक्या खिडकीकडे बघायची नजरच बदलते. बहुतेक जण पाणी कुठून आत येतं ते शोधतात आणि दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरतात. त्या नादात पाणी बाहेर जायची भोकंही बुजतात, आणि आधी ठिबकणारी खिडकी पुढच्या पावसात चक्क वाहायला लागते. आत आलेलं पाणी बाहेर का पडत नाहीये, हे आधी बघायला हवं.

उदाहरण म्हणून मी फोक्सवॅगनची टी३ घेतो, कारण जुनी कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी व्हॅन, म्हटलं की युरोपात अजूनही हीच गाडी रस्त्यावर भेटते आणि तिच्या खिडक्यांची दुखणी सगळ्यांच्या ओळखीची आहेत. ती १९७९ मध्ये आली. जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात ती १९९० पर्यंत बनत होती, चारही चाकांना जोर देणारं सिंक्रो मॉडेल ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथे १९९२ पर्यंत, आणि दक्षिण आफ्रिकेत तर थेट २००२ पर्यंत. ब्रिटनमध्ये तिला टी२५ म्हणतात, अमेरिकेत व्हॅनॅगन. यातल्या बऱ्याच गाड्यांना वेस्टफालिया कंपनीने वर उचलायचं छप्पर, शेगडी, फ्रिज, पलंग बसवून राहण्याजोगं केलं. युरोपात बनलेल्या या गाड्यांपैकी सर्वात तरुण गाडीनेही आता तिशी ओलांडली आहे. मूळ रबर असेल तर त्याचं वयही तेवढंच.

गळती म्हणजे फक्त ओली गादी असती तर एवढं लिहिलं नसतं. खिडकीखाली आतल्या बाजूला लॅमिनेट लावलेली प्लायवूडची फळी असते आणि तिच्या मागे काचलोकर. पाणी फळीच्या मागून उतरतं, काचलोकर ते शोषून धरते आणि पत्रा आतून महिनोन् महिने ओला राहतो. टी३ च्या पत्र्याच्या उभ्या जोडांत भरलेलं सीलर, म्हणजे सांधा बुजवणारा लेप, म्हातारपणी तडकतं. त्या तडकलेल्या जोडात आतून ओल पोचली की गंज बाहेर फुटतो, तोपर्यंत आतलं काम झालेलं असतं. जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी होते आणि महत्त्वाच्या भागात गंज निघाला तर गाडी नापास. थोडक्यात, खिडकीची डागडुजी शे-दोनशे युरोंत निभावते, पण गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा तर गणितच वेगळं.

खिडकीत काय काय असतं

बाहेरून आत अशा क्रमाने बघू. गाडीच्या पत्र्याला खिडकीसाठी कापलेलं तोंड असतं आणि त्याची कड आत दुमडलेली असते. त्या कडेवर जाड रबर बसतं. त्याला दोन खाचा: एकीत पत्र्याची कड, दुसरीत खिडकीची धातूची चौकट. चौकटीत एक काच पक्की, दुसरी सरकती. सरकती काच ज्या खाचेत फिरते तिला आतून मखमलीसारखं अस्तर असतं. गॅरेजवाले त्याला फेल्ट चॅनल म्हणतात. घराच्या खिडक्यांचे फॅब्रिकेटर ज्याला वूल पाइल म्हणतात, त्याच जातीचं. चौकटीच्या तळाला बाहेरच्या अंगाला निचऱ्याची भोकं किंवा आडव्या चिरा असतात.

म्हणजे पाण्याला आत यायला दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. एक काच आणि चौकट यांच्यामधून खाचेत. हा रस्ता रचनेतच धरलेला आहे आणि निचरा चांगला असेल तोवर त्याची काळजी नाही. दुसरा रबराच्या बाजूने: रबर आणि पत्रा, किंवा रबर आणि चौकट यांच्यामधून. हा रस्ता बंदच असायला हवा. पहिल्या रस्त्याचं औषध साफसफाई, दुसऱ्याचं नवं रबर. औषधांची अदलाबदल केली की पैसे जातात आणि गळती तशीच राहते.

पाणी वर कसं चढतं

पाणी खाली वाहतं हे खरं, पण फटीत ते वरही चढतं, आणि गळतीचं निम्मं कोडं इथेच आहे. दोन पृष्ठभागांत अर्ध्या मिलिमीटरची फट असेल तर केशाकर्षणाने पाणी त्यात सुमारे तीन सेंटिमीटरपर्यंत वर ओढलं जाऊ शकतं. फट ०.१ मिलिमीटर असेल तर हीच उंची पंधरा सेंटिमीटरच्या आसपास जाते. फट जितकी बारीक तितकं पाणी वर. म्हणून अर्धवट चिकटलेलं रबर हे मोकळ्या रबरापेक्षा वाईट. एक तर रबर पत्र्याला पूर्ण बिलगलेलं हवं, नाही तर मध्ये चांगली मोकळी जागा हवी. मधली अवस्था पाणी ओढून घेते.

दुसरा हात वाऱ्याचा. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आदळला की तो साधारण ११५ पास्कल दाब देतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर खाचेतलं पाणी तो बाहेरच्या पातळीपेक्षा बारा मिलिमीटर वर तोलून धरू शकतो. म्हणजे भोकं साफ असली तरी वारा खिडकीवर चालून येत असताना तेवढं पाणी बाहेर पडत नाही, खाचेतच उभं राहतं. खाचेची आतली भिंत त्याहून उंच असेल तर वाऱ्याचा झोत सरल्यावर ते निघून जातं. बुटकी असेल तर आत सांडतं. पट्टी घेऊन ही भिंत एकदा मोजाच. गाडी चालत असताना बाजूच्या खिडक्यांवर समोरच्या काचेइतका दाब येत नाही, त्यामुळे बरेचदा रस्त्यावर कोरडी राहिलेली गाडी समुद्रकिनारी रात्रभर आडव्या वाऱ्यात उभी केली की गळते. छतावरचा पंखा हवा बाहेर फेकत असेल तर आतला दाब कमी होऊन भर पडते. अशा रात्री गाडीचं नाक वाऱ्याकडे करावं आणि पंखा बंद ठेवावा. हा दुरुस्तीचा भाग नव्हे, पण झोप मिळते.

मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या घरांत आषाढातल्या झडीला अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांच्या ट्रॅकमधून पाणी उसळून घरात येतं, त्यामागेही हेच कारण आहे. तिथेही इमारतीला रंग देताना निचऱ्याची भोकं बुजवली गेलेली असतात. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करून कोकणात फिरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

तिसरी गोष्ट भोकाच्या मापाची. पाण्याला पृष्ठताण असतो, त्यामुळे तीन मिलिमीटरच्या गोल भोकावर जवळपास एक सेंटिमीटर उंचीचं पाणी न गळता थांबू शकतं. सहा मिलिमीटरच्या भोकावर ते निम्मंच थांबतं. त्यात थोडी माती आणि शेवाळ जमलं की मूळचं पुरेसं भोकही तीन मिलिमीटरचं होतं.

आधी खात्री करा की ही गळतीच आहे

थंड प्रदेशात सकाळी खिडकीखाली दिसणारं पाणी पुष्कळदा पावसाचं नसतं. दोन माणसं रात्रभर बंद गाडीत झोपली की श्वास आणि घामातून अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी हवेत जातं. गॅसची शेगडी पेटवली तर आणखी: एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ही सगळी वाफ सर्वात थंड जागी, म्हणजे काचेवर आणि धातूच्या चौकटीवर जमते आणि ओघळून खाचेत येते. पाऊस नसलेल्या थंडीच्या रात्रीनंतर ओल दिसली तर रबराला हात लावायचं कारण नाही. खिडकी दोन बोटं उघडी ठेवून झोपा.

पाऊस पडून गेल्यावरच ओल येत असेल तरी दोषी खिडकीच असेल असं नाही. टी३ च्या छताभोवती पन्हळ असते. तिच्या जोडात तडा असेल तर पाणी आतल्या बाजूने खाली येऊन बरोबर खिडकीच्या वरच्या कडेला प्रकट होतं. वेस्टफालियाच्या गाड्यांत बाहेरून पाणी भरायचं आणि वीज जोडायचं अशी झाकणं बाजूच्या पत्र्यात बसवलेली असतात, त्यांचे स्क्रूही गळतात. ओल खिडकीच्या वरून सुरू होते की खालच्या कोपऱ्यातून, हे कोरड्या बोटाने चाचपून बघा. वरून असेल तर छताकडे चला.

आता मुख्य परीक्षा, आणि हिला फक्त एक कप पाणी लागतं. गाडी सपाट जागी उभी करा. खिडकी थोडी उघडा आणि आतून, खालच्या खाचेत हळूहळू पाणी ओता. एक जण बाहेर उभा राहून बघेल. निचरा चांगला असेल तर काही सेकंदांत चौकटीच्या तळाच्या भोकांतून पाणी बाहेर उतरायला लागतं आणि खाच रिकामी होते. पाणी खाचेत तसंच उभं राहिलं, तर भोकं तुंबली आहेत आणि बहुधा दुखणं सापडलं. पाणी खाचेतून गेलं पण बाहेर काहीच आलं नाही, तर ते आत, फळीमागे उतरतंय: चौकटीच्या कोपऱ्यातला जोड उघडला आहे किंवा खालचं रबर सैल आहे. पाण्यात खाण्याचा रंग कालवला तर माग काढणं सोपं जातं.

भोकं वाहती असूनही गळत असेल तर बागेची नळी घ्या. आतली फळी काढा, काचलोकर बाजूला करा, पत्र्यावर टिश्यूपेपर चिकटवा. पाणी मारायला सुरुवात नेहमी खालच्या कडेपासून करायची आणि पाच-दहा मिनिटं एकाच जागी धीराने थांबायचं. मग उभ्या कडा, शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. संशयाच्या जागेवर मास्किंग टेप लावून पुन्हा पाणी मारा. गळती थांबली तर जागा पक्की झाली. प्रेशर वॉशर मात्र आणू नका, त्याच्यापुढे नवी खिडकीही टिकत नाही.

साफसफाई, आणि तेवढ्याने भागलं नाही तर

निचरा मोकळा करायला लाकडी काडी, जुना टूथब्रश आणि कोमट साबणाचं पाणी पुरतं. टी३ च्या खाचेत हिरवं शेवाळ उगवलेलं असतं, फेल्टच्या तंतूंत मुळं धरून. काडीने खरवडलं की ते ओल्या काळपट लगद्यासारखं निघतं, आणि त्याखाली अचानक एक चीर उघडी पडते जी तिथे आहे हेच आपल्याला माहीत नसतं. चिरेतून नायलॉनची जाड दोरी आरपार फिरवा. लोखंडी तार नको, ती चौकटीवरचा थर ओरखडते. शेवटी पुन्हा कपभर पाणी ओतून बघा. माझं मत स्पष्ट आहे: सीलंटची ट्यूब विकत घेण्याआधी हे झालंच पाहिजे, कारण कितीतरी खिडक्या इथेच बऱ्या होतात.

फेल्ट टक्कल पडल्यासारखं झालं असेल, काच खडखडत असेल, तर ते बदलायचं. त्यासाठी खिडकी चौकटीसकट काढून टेबलावर घ्यावी लागते. नव्या फेल्टचे तुकडे कापताना तळाच्या भोकांसमोर ते भोकं झाकत नाहीत ना, हे बघा. नवं फेल्ट घातल्यावर गळती वाढली तर बहुधा हेच झालेलं असतं. चौकट टेबलावर आहेच तर कोपऱ्याचे जोड आतून साफ करून न वाळणाऱ्या सीलंटचा बारीक थर द्या. फेल्टवर तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारू नका, धूळ धरतं. कोरडा सिलिकॉन स्प्रे चालतो.

आता रबर. मूळ रबर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने कडक होतं, आक्रसतं आणि कोपऱ्यांत पत्र्यापासून सुटतं. नखाने दाबलं आणि खड्डा परत भरून आला नाही, किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर त्याचे दिवस भरले. स्वस्त नक्कल रबरं बाजारात मिळतात. त्यांचे कोपरे नीट वळलेले नसतात आणि पाणी कोपऱ्यातूनच येतं. इथे काटकसर करू नये असं मी आवर्जून सांगेन.

जुनं रबर काढल्यावर पत्र्याची कड दिसते, आणि हाच खरा निकालाचा क्षण. खालच्या दोन कोपऱ्यांत गंज असण्याची शक्यता मोठी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे फुगलेल्या कडेवर नवं रबरही बसत नाही. पत्रा शाबूत असेल तर चकाकेपर्यंत घासा, उरलेल्या खड्ड्यांवर गंज-रोधक लावा, मग इपॉक्सी प्राइमर, मग रंग. रंग पूर्ण कडक व्हायला वेळ द्या. ओलसर रंगावर रबर दाबलं की ते रंग सोलून काढतं. पत्र्याला भोक पडलं असेल तर लांबी (पुट्टी) भरून झाकू नका. कड म्हणजे रबराची पकड. तिथे वेल्डिंगच हवं.

बसवायची रीत जुनी आणि भरवशाची आहे. रबर आधी चौकटीवर चढवायचं. मग पत्र्याची कड ज्या खाचेत जाणार, तीत चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी सबंध भोवताली घालायची, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन आत लोंबती ठेवायची. खाचेत आणि पत्र्यावर साबणाचं पाणी. बाहेरचा माणूस खिडकी पत्र्याच्या तोंडावर धरून तळहाताने दाबतो, आतला दोरीचं एक टोक काचेला समांतर हळूहळू ओढत जातो. दोरी निघते तशी रबराची आतली पाळ उलटून पत्र्याच्या कडेवर चढते. कोपऱ्यात घाई केली तर पाळ फाटते. ओढणारा थांबला की दाबणाऱ्यानेही थांबायचं. दोघांनी बोलत बोलत करायचं हे काम आहे. रबर ऊबदार असेल तर सगळं निम्म्या जोरात होतं, म्हणून थंडीच्या दिवसात ते आधी गरम पाण्यात ठेवावं.

सीलंटची निवड

चांगलं रबर चांगल्या पत्र्यावर बसलं तर सीलंटची गरजच नसते. तरी पत्रा थोडा वेडावाकडा असेल तर रबराच्या बाहेरच्या पाळीखाली न वाळणारं, मऊ राहणारं सीलंट सोडतात. ते कायम चिकट राहतं, गाडी हलली तरी तडकत नाही आणि खिडकी पुन्हा काढता येते.

व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन गाडीला लावू नये. वाळताना त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं, ते उघड्या धातूला खातं. शिवाय त्याचा अंश एकदा पत्र्यावर राहिला की त्यावर रंगही धरत नाही आणि दुसरं सीलंटही चिकटत नाही. आधीच्या मालकाने ते फासलेलं असेल तर प्लास्टिकच्या पातीने खरवडून, सिलिकॉन रिमूव्हरने पुसून सगळं काढावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही. समोरच्या काचेला वापरतात ते पॉलियुरेथेन इथे नको. ते इतकं पक्कं धरतं की पुढे खिडकी काढताना पत्राच वाकतो. ज्या कॅम्परमध्ये रबराऐवजी आतल्या रिंगने आवळलेल्या प्लास्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या खिडक्या नंतर बसवल्या आहेत, तिथे चौकट आणि पत्र्यामध्ये ब्यूटाईल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, हवी. रिंगचे स्क्रू एकदम आवळू नका. थोडे आवळा, एक दिवस टेप पसरू द्या, मग पुन्हा थोडे.

आणि कोणतंही सीलंट असो, लावण्याआधी निचऱ्याच्या भोकांवर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवा. काम झाल्यावर टेप आठवणीने काढा.

आतली फळी लगेच परत लावायची घाई करू नका. पत्रा पूर्ण वाळू द्या आणि एक-दोन सणसणीत पाऊस फळीशिवायच जाऊ द्या, म्हणजे पत्र्यावर ओघळ आलाच तर तो कुठून निघाला ते डोळ्यांनी दिसेल. भिजलेली काचलोकर वाळवून परत घालू नका. तिच्या जागी पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम घाला, आणि घालताना पत्र्याच्या तळाशी पाणी उतरायच्या मूळच्या वाटा त्याखाली दबणार नाहीत एवढी जागा सोडा. गाडी कायम एकाच उतारावर उभी राहत असेल तर उताराकडच्या टोकाची भोकं शरद ऋतूत, झाडांची पानं गळून संपली की, पुन्हा एकदा काडीने तपासा.